एकट्याने दुर्गम भागात जाताना संकटकाळी संपर्क कसा साधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंज गेली की हातातल्या फोनचा नुसता कॅमेरा उरतो. सोबत चौघं असतील तर एक जण चालत जाऊन मदत आणतो. एकट्याला ती सोय नाही. एकट्याने डोंगरात, रानात, वाळवंटात हिंडणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

फोन आहे ना सोबत. मग वेगळं यंत्र कशाला?

फोन हवाच, आणि आधी त्याच्याकडून होईल तेवढं काम काढून घ्यावं. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहा. आपत्कालीन कॉल मिळेल त्या नेटवर्कवरून जाऊ शकतो. स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसतं, तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर पोचत असतो. आवाज तुटत असेल तर एसएमएस करा. बोलायला सलग सिग्नल लागतो, एसएमएस क्षणभराच्या सिग्नलवरही निसटून जातो. पाय शाबूत असतील तर जवळच्या धारेवर चढून पुन्हा प्रयत्न करा.

पण आसपास कुणाचाच टॉवर नसेल, तर यातलं काहीच चालणार नाही.

जीपीएस चालू ठेवलं की बचाव पथकाला मी सापडेनच ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही. तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. ती माहिती बाहेर पोचवायला वेगळी वाट लागते.

मग पर्याय कोणते?

ढोबळमानाने चार: पीएलबी म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, सॅटेलाइट मेसेंजर, सॅटेलाइट फोन, आणि नव्या मोबाइलमध्येच असलेली सॅटेलाइट एसओएसची सोय. रेडिओ हा पाचवा, पण एकट्याच्या फारसा कामाचा नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पीएलबी नेमका काय करतो?

एकच काम करतो, आणि ते फार चांगलं करतो. अँटेना उघडून बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ वॅट ताकदीचा संदेश साधारण दर ५० सेकंदांनी आकाशात जातो. तो कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह ऐकतात. १९७९ साली, शीतयुद्ध चालू असताना, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून ती उभी केली. सप्टेंबर १९८२मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातले तिघे तिच्यामुळे वाचले, ही तिची पहिली सुटका. बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण सिग्नलही सोडत राहतो. जवळ आलेलं पथक त्याचा माग काढत तुमच्यापर्यंत पोचतं.

मासिक वर्गणी नाही, चार्जिंग नाही. आतली बॅटरी सीलबंद असते आणि काही वर्षांनी बदलून घ्यावी लागते. एकदा चालू केला की किमान २४ तास संदेश जात राहतो. जुना, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारा बीकन कुणी देऊ केला तर घेऊ नका. उपग्रहांनी ती फ्रीक्वेन्सी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ रोजी बंद केलं.

बीकनची नोंदणी मात्र कराच. नोंदणी नसली तरी इशारा पोचतो, पण तो कुणाचा हे कुणाला कळत नाही. नोंदणी असली की बचाव केंद्र आधी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन करतं: हा माणूस खरंच बाहेर आहे का, कुठे गेलाय, एकटा आहे का? त्या नंबरवरच्या माणसाला यातलं काही माहीत नसेल तर घोळ तिथेच सुरू होतो.

पीएलबीची खोट एवढीच, की तो मुका आहे. 'वाचवा' यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही आणि उत्तर ऐकू येत नाही. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमुळे जानेवारी २०२०पासून काही नव्या बीकनवर 'इशारा मिळाला' असं सांगणारा दिवा लागतो. जखमी होऊन एकट्याने पडून असलेल्या माणसाला तेवढ्यानेही केवढा धीर येतो.

आणि सॅटेलाइट मेसेंजर?

गार्मिन इनरीच, झोलिओ, स्पॉट ही त्यातली माहीत असलेली नावं. यात एसओएस बटण असतंच. शिवाय बहुतेकांवर दोन्ही बाजूंनी मेसेज करता येतात आणि ठराविक वेळाने तुमचा ठिकाणा आपोआप पाठवला जातो. वर्गणी भरावी लागते आणि बॅटरी सांभाळावी लागते.

खोक्यापेक्षा त्यामागचे उपग्रह बघून घ्या. इनरीच आणि झोलिओ इरिडियमवर चालतात. त्याचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि निरोप एकमेकांकडे पुढे देतात, त्यामुळे ध्रुवापासून ध्रुवापर्यंत कुठेही चालतं. स्पॉट ग्लोबलस्टारवर आहे. त्याचे उपग्रह निरोप आपसात फिरवत नाहीत. तुमच्या डोक्यावरच्या उपग्रहाला त्याच वेळी जमिनीवरचं केंद्रही दिसावं लागतं. म्हणून भर समुद्रात आणि ध्रुवांकडे त्याला भगदाडं आहेत.

एकट्याने एकच घ्यायचं तर कोणतं?

माझं मत मेसेंजरच्या बाजूने आहे. एकट्याच्या बहुतेक अडचणी 'जीव जातोय' आणि 'सगळं ठीक' यांच्या मधल्या असतात. ओढ्याला पाणी वाढलं, एक दिवस उशीर होणार. गुडघा दुखतोय, दुसऱ्या वाटेने उतरतो. पीएलबी असलेल्याला हे सांगता येत नाही. तो एक तर गप्प बसतो, नाही तर थेट हेलिकॉप्टर बोलावतो. पण चार्जिंग विसरणारा, वर्गणी बंद पडू देणारा असा तुमचा स्वभाव असेल, तर खुशाल पीएलबी घ्या. तो तीन वर्षं सॅकच्या पट्ट्याला पडून राहिला तरी ऐनवेळी चालतो.

नव्या फोनमध्येच सॅटेलाइट एसओएस आलंय. मग हे सगळं कशाला?

सोय खरी आहे. ॲपलने ती आयफोन १४पासून, नोव्हेंबर २०२२मध्ये आधी अमेरिका आणि कॅनडात सुरू केली आणि नंतर आणखी देशांत नेली. नंतर इतर काही कंपन्यांच्या फोनमध्येही अशी सोय आली. मोकळ्या आकाशाखाली मेसेज सुमारे १५ सेकंदांत जातो, विरळ झाडीखाली मिनिटाहून जास्त लागू शकतं, असं ॲपल सांगते. ६२ अंश अक्षांशाच्या पलीकडे सोय चालेलच असं नाही. देशांची यादी बदलत असते, तुमचा देश तीत आहे का ते निघण्याआधी पाहा. डेमोची सोय आहे, ती घरच्या गच्चीवर एकदा करून बघा. फोन हातात धरून उपग्रहाच्या दिशेने फिरवत राहावा लागतो. मोडलेल्या मनगटाने ते कितपत जमेल याचाही विचार करा.

आणि हाच फोन नकाशा, टॉर्च, कॅमेरा, गाणी हे सगळं करून संध्याकाळी ८ टक्क्यांवर आलेला असतो. दुसरा आधार म्हणून उत्तम, पण एकमेव आधार म्हणून मी तो धरणार नाही.

सॅटेलाइट फोनवर तर थेट बोलता येतं. तो का नको?

जखमेबद्दल डॉक्टरशी बोलायचं असेल तर त्याला तोड नाही. पण तो जड आहे, खर्चिक आहे, आणि बहुतेक फोनवर इशारा आपोआप जात नाही. नंबर लावून बोलावंच लागतं. इरिडियम सगळीकडे चालतं. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी असतात, त्यामुळे ध्रुवांपाशी चालत नाहीत. थुराया अमेरिका खंडांपर्यंत पोचतच नाही. एप्रिल २०२४मध्ये तर थुरायाचा एक उपग्रह बिघडला आणि आशिया-पॅसिफिकमधली सेवा गेली. गेल्या वर्षी चाललं होतं म्हणून या वर्षी चालेल असं धरू नका.

हे कुठल्याही देशात नेता येतं का?

मुळीच नाही. भारतात परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचं यंत्र बाळगणं बेकायदा आहे आणि मेसेंजरही त्यातच मोडतो. विमानतळावर असं यंत्र सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना ताब्यात घेतल्याचे प्रसंग घडले आहेत. आणखीही काही देशांत बंदी किंवा परवान्याची अट आहे. ज्या देशात जाताय, आणि वाटेत जिथे विमान बदलताय, तिथला नियम आधी बघा. परवानगी मिळत नसेल तर पुढचे 'मागच्या माणसा'बद्दलचे, म्हणजे घरी राहून तुमच्या परतण्यावर लक्ष ठेवणाऱ्याबद्दलचे प्रश्न दोनदा वाचा.

खोल दरीत, दाट झाडीत चालतं का?

आकाश जेवढं दिसेल तेवढंच चालतं. इरिडियमचा एक उपग्रह क्षितिजावरून जेमतेम दहा मिनिटांत निघून जातो. अरुंद दरीत तो दिसतोही आणि हरवतोही. म्हणून मेसेज लगेच गेला नाही तर हातपाय गाळू नका, १५-२० मिनिटं थांबा. एका जागी असणाऱ्या उपग्रहांचं उलट आहे. उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे असतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी तासभर बसलात तरी कडा आडवाच राहणार.

ओली पानं सिग्नल खातात. शरीरही खातं. यंत्र खिशात किंवा मुठीत धरून ठेवण्यापेक्षा अँटेना वर करून मोकळ्या दगडावर ठेवा.

बटण नेमकं कधी दाबायचं?

खरा प्रश्न हाच आहे. वायफळ बटण दाबणारे असतात, पण लाजेपायी न दाबणारेही असतात. दुपारी दोनला घोटा मुरगळतो. 'एवढ्याशासाठी कुणाला कशाला त्रास' म्हणून माणूस लंगडत निघतो, सोपी वाट म्हणून ओढ्यात उतरतो, तिथे पुन्हा घसरतो. सात वाजता तो भिजलेला, वाटेपासून लांब आणि थरथरत असतो. दोनला उजेड होता, हवा स्वच्छ होती, जागा मोकळी होती. हेलिकॉप्टर तेव्हा येऊ शकलं असतं.

स्वतःला एक प्रश्न विचारा: मदत आली नाही, तर उद्या सकाळी मी आजच्यापेक्षा बरा असेन की वाईट? उत्तर 'वाईट' आणि स्वतःच्या बळावर बाहेर पडणं शक्य नाही, तर दाबा. न थांबणारा रक्तस्राव, मोडलेला पाय, डोक्याला मार, छातीत कळ, गारठून बोलणं अडखळणं, यात विचारही करत बसू नका.

दमलो, खाऊ संपला, वाट चुकलो पण आल्या पावली परत जाता येतंय, हे एसओएसचं काम नाही. त्यासाठी साधा मेसेज करा.

दाबल्यावर पुढे काय होतं? किती वेळात येतात?

मेसेंजरचा इशारा आधी खासगी समन्वय केंद्राकडे जातो आणि ते तुमच्या भागातल्या यंत्रणेला फोन करतं. पीएलबीचा इशारा सरकारी बचाव समन्वय केंद्राकडे जातो. पण शेवटी दोन्हीकडून येतात ती तिथलीच माणसं, तिथल्याच साधनांनी. सगळं जुळून आलं तर काही तास, धुकं, वादळ किंवा रात्र आड आली तर दुसरा दिवस, कधी त्याहून जास्त. म्हणून एसओएस यंत्र सोबत आहे म्हणून गरम कपडे घरी ठेवायचे, हा सौदा करू नका. एक रात्र उघड्यावर निभेल एवढं सामान सॅकमध्ये असलंच पाहिजे.

इशारा गेल्यावर जागा सोडू नका आणि बॅटरी वाचवायला यंत्र बंद करू नका. हेलिकॉप्टर दिसलं की सुटं सामान दाबून ठेवा, पात्यांच्या वाऱ्याने तंबू उडून थेट पंख्यात जाऊ शकतो. दोन्ही हात वर, इंग्रजी 'वाय'सारखे, म्हणजे 'हो, मदत हवी'. एक हात वर आणि एक खाली म्हणजे 'नको'. उत्साहात एका हाताने टाटा केला तर नेमका उलटा अर्थ निघू शकतो.

मी बेशुद्ध पडलो तर?

बटण दाबायला बोट लागतं. एकट्याच्या बाबतीत सगळ्या यंत्रांची दुखरी नस हीच आहे. काही घड्याळं माणूस पडल्याचं ओळखतात, पण पुढे निरोप पाठवायला बहुतेकांना रेंजच लागते. मेसेंजरचं ट्रॅकिंग चालू असेल, समजा दर दहा मिनिटांनी, तर शेवटचा ठिपका तरी मागे राहतो आणि शोधाचं वर्तुळ खूप लहान होतं. पण तो ठिपका थांबलाय हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

एप्रिल २००३मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ॲरन राल्स्टन एकटाच ब्लूजॉन कॅनियनमध्ये उतरला. निसटलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो १२७ तास तिथे होता आणि शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर पडला. ती जागा म्हणजे दगडातली अरुंद फट. आजचं यंत्रही तिथे कदाचित मुकंच राहिलं असतं. घरी ठेवलेली एक चिठ्ठी मात्र दुसऱ्या दिवशीच बोलली असती.

म्हणून एकट्याला यंत्राइतकाच, खरं तर त्याआधी, एक मागचा माणूस लागतो.

मागच्या माणसाला काय लिहून द्यायचं?

तोंडी नको, कागदावर. जाण्याची वाट, अडचण आली तर उतरायची दुसरी वाट, मुक्कामाच्या जागा, गाडी कुठे लावली आणि तिचा नंबर. तंबूचा, जॅकेटचा, सॅकचा रंग. बुटाच्या तळव्याचा फोटो, कारण चिखलातला ठसा ओळखायला तो उपयोगी पडतो. आजार, औषधं, ॲलर्जी. यंत्राचा क्रमांक. आणि त्या भागातल्या बचाव यंत्रणेचा पूर्ण नंबर, देशाच्या कोडसकट. मागचा माणूस दुसऱ्या देशात असेल आणि त्याने तिथून ११२ लावला, तर फोन त्याच्याच गावच्या पोलिसांना लागेल.

सगळ्यात महत्त्वाच्या दोन वेळा: परतीची वेळ आणि घाबरायची वेळ. रविवारी चारला उतरणार असाल तर घाबरायची वेळ रात्री नऊ असू शकते. मधले तास उशिरासाठी. नऊ वाजले की त्याने 'येईल थोड्या वेळात' असा विचार करायचा नाही, फोन लावायचा. हे आधी बोलून ठरवा, नाही तर भिडस्त माणूस सकाळपर्यंत वाट बघतो. त्या कामाला हळवा माणूस नको आणि अति थंडही नको. माझी आई हळवी, म्हणून मी हा कागद मित्राकडे देतो.

रोजची खुशाली चुकली तर त्याने लगेच धावाधाव करायची का?

नाही, आणि हेही आधीच ठरवा. यंत्र पाण्यात पडतं, बॅटरी उतरते, मेसेज तासन्‌तास अडकतो. शांतता म्हणजे संकट असं धरलं तर यंत्र बिघडलं की बचाव पथक निघेल. एक खुशाली चुकली तर काही करायचं नाही, घाबरायची वेळ उलटली तरच करायचं, हा करार साधा आहे आणि टिकतो. मला रोजची खुशाली पाठवायलाच आवडत नाही, पण घरच्यांपुढे ते चालत नाही.

एसओएसच्या मेसेजमध्ये काय लिहायचं?

काय झालं, शुद्धीत आहे का, चालता येतं का, एकटा आहे हे, जवळ काय आहे, हवा कशी आहे. 'उजवा पाय नडगीपाशी मोडला. शुद्धीत. चालता येत नाही. एकटा. तंबू आहे, पाणी १ लिटर. ओढ्याच्या डाव्या काठावर, नारिंगी जॅकेट. वारा जोरात.' डावा काठ म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड केल्यावर डावा. 'लवकर या' लिहून जागा वाया घालवू नका.

पलीकडच्या माणसाला मराठी येत नसणार, तेव्हा असे दोन-तीन मेसेज त्याच्या भाषेत घरूनच तयार करून ठेवा. साधा एसएमएस असेल तर आणखी एक अडचण आहे: रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०.

अक्षांश-रेखांश फोनवर वाचून दाखवताना पद्धत सांगा. '३०.५० मिनिटं' म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. ऐकणाऱ्याने ते ३० मिनिटं ५० सेकंद असं लिहून घेतलं तर २० सेकंदांची चूक होते, आणि ती अक्षांशात झाली तर सुमारे ६२० मीटर. डोंगरात तेवढ्यात पलीकडची दरी येते. दशांश अंशांत, चार-पाच स्थळांपर्यंत सांगितलं की हा घोळ टळतो. समोरच्याला परत वाचून दाखवायला लावा.

यंत्र ठेवायचं कुठे?

अंगावर. सॅकच्या आत नाही, वरच्या कप्प्यातही नाही. नदी ओलांडताना सॅक वाहून जाते, घसरल्यावर वीस फूट खाली जाऊन पडते. छातीच्या पट्ट्याला किंवा चेनच्या खिशात, दोरीने बांधून. घरी एकदा फक्त डाव्या हाताने आणि हातमोजे घालून बटणाचं झाकण उघडून पाहा. पहिल्या खेपेला मला जमलं नव्हतं.

थंडीत बॅटरी उतरते, त्याचं काय?

फोन विमान मोडवर ठेवा, नकाशा आणि जीपीएस तरीही चालतात. रेंज शोधत राहणारा फोन दिवसभरात स्वतःच संपतो. रात्री फोन, मेसेंजर, पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. गारठून बंद पडलेला फोन उबेत आणल्यावर अनेकदा पुन्हा चालू होतो. शून्याखाली गोठलेली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करू नका, आधी ऊब द्या.

वॉकीटॉकी किंवा हॅम रेडिओ?

पलीकडे कुणी ऐकत असेल तरच. हातातला व्हीएचएफ रेडिओ दृष्टिरेषेत चालतो, मध्ये डोंगर आला की संपलं. हॅमला, म्हणजे हौशी रेडिओला, परवाना लागतो. जिथे रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारी केंद्रं, आहेत आणि ऐकणारे आहेत हे माहीत असेल, तिथे चांगला जोड आहे. हिमस्खलनासाठीचा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर हा संपर्काचा मार्गच नव्हे, त्याची पोच काही दहा मीटरच असते आणि शोधायला सोबती लागतो.

यंत्र हरवलं किंवा बिघडलं तर?

शिट्टी. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं असतं. हा आल्प्समधला १८९४पासूनचा संकेत आहे. उत्तर अमेरिकेत तीन शिट्ट्या म्हणजेच संकट. रात्री टॉर्चने हेच करा. घसा फोडून ओरडू नका, आवाज तासाभरात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. उन्हात आरसा काही किलोमीटरवरून दिसतो: एका हाताची दोन बोटं पसरून त्यांच्या फटीत विमान धरा आणि आरशाचा कवडसा त्याच फटीवर आणा.

जमिनीवर इंग्रजी 'व्ही' म्हणजे मदत हवी, 'एक्स' म्हणजे वैद्यकीय मदत हवी. अक्षर किमान अडीच मीटर लांब, शक्यतो त्याहून मोठं, जमिनीहून वेगळ्या रंगाचं. निसर्गात सरळ रेषा फारशा नसतात, म्हणून त्या डोळ्यात भरतात.

चुकून बटण दाबलं गेलं तर?

लपवू नका. मेसेंजरवर रद्द करण्याची सोय आहे, ती वापरा आणि 'चुकून दाबलं, ठीक आहे' असं लिहा. पीएलबी बंद करा आणि मिळेल त्या मार्गाने बचाव केंद्राला कळवा. नुसता बंद केला तर ते तुम्हाला शोधत राहतील. जुना बीकन कचऱ्यात टाकतानाही आधी बॅटरी काढून घ्या, नाही तर पथक कचऱ्याच्या ढिगाऱ्यात येऊन पोचतं.

सुटकेचं बिल येतं का?

काही देशांत सुटका फुकट असते, स्वित्झर्लंडसारख्या देशांत बिल येतं. विम्यात शोध आणि बचाव धरलेला आहे का आणि किती उंचीपर्यंत, ते वाचून घ्या.

निघण्याआधी शेवटचं काय तपासायचं?

वर्गणी चालू आहे ना, बीकनच्या बॅटरीची तारीख उलटली नाही ना, नोंदणीतला नंबर तोच आहे ना. यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेट करा, कारण जंगलात ते होणार नाही. मग अंगणात उभं राहून मेसेंजरवरून मागच्या माणसाला एक मेसेज पाठवा आणि त्याला उत्तर द्यायला सांगा. एसओएस बटण मात्र चाचणीसाठी दाबू नका. माझा असा पहिला मेसेज अनोळखी नंबरवरून गेला होता. मित्राने तो जाहिरात समजून ब्लॉक केला.